डीबी-२५ प्लगला एक्सएलआर जोडताना

स्टुडिओतल्या मिक्सरच्या मागे एकाच २५ पिनांच्या (डीबी-२५) सॉकेटमधून आठ बॅलन्स्ड चॅनल निघतात, म्हणजे प्रत्येकाला तीन जोडण्या: हॉट (सिग्नल), कोल्ड (त्याचीच उलटी प्रत) आणि शील्ड (भोवतीची तारेची जाळी). टॅस्कॅम या ऑडिओ कंपनीच्या ठरलेल्या पद्धतीत चॅनल १ चा हॉट पिन २४ वर, कोल्ड १२ वर, शील्ड २५ वर. चॅनल ८ साठी अनुक्रमे १, १४, २. पिन १३ रिकामी. एक्सएलआरच्या (माइकला असतो तो तीन पिनांचा गोल प्लग) बाजूला १ शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड.

पिनांचे आकडे प्लॅस्टिकवर बारीक कोरलेले असतात. भिंगाने तेच वाचा, कारण पुढून आणि मागून पाहिलं की क्रम उलटा दिसतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. वायरवर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आधी चढवा. तार ३ मिमी सोला, टोकाला कथिल लावा, पिनेमागचा छोटा कप कथिलाने अर्धा भरा, तार आत बुडवा आणि कथिल थिजेपर्यंत हात अजिबात हलवू नका. डाग चमकदार हवा. शील्डच्या जाळीची सुटलेली एखादी तार शेजारच्या पिनेला टेकली की चॅनल गप्प होऊ शकतो. मधल्या पिना आधी जोडा, नंतर तिथे सोल्डरिंग आयर्न पोचत नाही.

प्लगचे स्क्रू ४-४० (इंची मापाचे) आहेत की एम३ (मेट्रिक), हे पाहूनच पिळा; जबरदस्तीने आटे जातात. शेवटी मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा, आणि ती शेजारणीशी जोडली गेली नाही ना, हेही पाहा.