आरिया ऐकताना एक कान साथीकडे ठेवा

माझा कान घडला संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करताना. त्यामुळे पहिला ऑपेरा बघताना मी भलत्याच गोष्टीची वाट बघत बसले. पद आलं, आता तान येईल, वन्समोअर होईल, मग तीच ओळ वेगळ्या अंगानं. यातलं काहीच झालं नाही! त्या आरियात, म्हणजे ऑपेरातल्या एकट्याच्या पदात, सूर संगीतकारानंच लिहून ठेवलेले होते. गायिकेच्या हाती उरतो श्वास, जराशी ताणलेली लय आणि कुठल्या सुरावर किती रेंगाळायचं ते.

सुरुवात एकाच आरियापासून करा. मी सांगेन संगीतकार पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेरामधली 'विस्सी दार्ते' (रोम, १९००). जेमतेम तीन मिनिटांची आहे, पण ती सुटी ऐकू नका. दहा मिनिटं आधीपासून लावा. दुसरा अंक, पोलीसप्रमुख स्कार्पियाची खोली. गायिका तोस्काच्या प्रियकराचा छळ झालाय, आणि त्याचा जीव वाचवायचा तर स्कार्पियाला ती स्वतःच हवी आहे. इथवर सगळं तुटक, झटापटीसारखं गायलेलं. लांबून वधस्तंभाकडे निघालेल्या कैद्यांबरोबरचे ढोल ऐकू येतात. मग ऑर्केस्ट्रा एकदम हळू होतो.

शब्दांचा अर्थ आधी वाचून घ्या. 'कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, वेदीवर फुलं वाहिली. मग देवा, हे फळ का?' स्कार्पिया खोलीतच आहे, पण एक अक्षरही त्याच्यासाठी नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना तोस्काला सोडा आणि साथीच्या मागे जा. पहिल्या काही ओळी झाल्या की चाल वाद्यांकडे जाते आणि तोस्का बराच वेळ एकेका सुरावरच शब्द म्हणत राहते. चाल ओळखीची वाटली? पहिल्या अंकात ती चर्चमध्ये फुलं घेऊन येते, तेव्हा हीच वाजलेली असते. अवघ्या काही तासांपूर्वी! आम्ही साथीदार जन्मभर गायकाच्या मागून जातो. इथे गायिकेला जे आठवतंय ते साथच बोलून दाखवते. शेवटाकडे 'सिन्योर', म्हणजे 'देवा', या हाकेवर सगळ्यात उंच सूर लागतो. त्यानंतर आवाज कसा उतरतो, तेही ऐका.

टाळ्या पडल्या म्हणून बंद करू नका. स्कार्पियाचा पुढचा शब्द आहे, 'ठरव.' बस्स. या आरियानं कथा अडते असं खुद्द पुच्चिनीलाही वाटायचं म्हणतात. मला नाही पटत. ती तीन मिनिटं नसती तर 'ठरव' इतकं लागलं नसतं.

हे जमलं की हँडेलच्या 'जुलिओ चेझारे'तली (लंडन, १७२४) क्लिओपात्राची 'पियांजेरो' लावा. संथ रडणं, मग चिडून सूडाची धमकी, मग पुन्हा तेच रडणं. ते परत येतं तेव्हा गायिका आपल्या मनाच्या हरकती घालते. तिथे मात्र माझ्यासारखीनं वाट बघितलेली फुकट जात नाही.