गडावरच्या पाण्याच्या टाक्याच्या दुरुस्तीचं काम काढताय? आधी हे बघा
पहिलं म्हणजे गड कोणाच्या ताब्यात आहे ते बघा, केंद्राचं पुरातत्व, राज्याचं पुरातत्व की वनखातं, कारण परवानगी तिथूनच लागते आणि रायगडासारख्या केंद्र संरक्षित ठिकाणी १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंदच. मग पाहणी. प्रत्येक भेगेला मोजपट्टी लावून फोटो, तारीख टाका, पावसाळ्यानंतर परत तोच फोटो, म्हणजे भेग वाढतेय का कळतं.

पिंपळाचं मूळ उपटू नका हो, दगडच सुटून येतो! गाळ काढताना घडीव दगड, खापरं सापडली तर हात थांबवा, जागेवरच फोटो काढून खात्याला कळवा. आणि सिमेंट तर नकोच, ओल आत कोंडते, दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यातच भरायच्या, तेही जाणकार गवंड्याकडून.