मृगाआधी छताकडे बघा

राहुरीचा पट्टा पर्जन्यछायेतला, वर्षाची सरासरी साधारण ५२० मिलिमीटर. तरी तिथल्या कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या १००० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ५ लाख २० हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं वजा केलं तर ४ लाखांच्या आसपास हाती लागतं. तुमच्या १० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचं छतही एवढंच भरतं. जरबेराची ६००० झाडं आणि झाडाला दिवसाला ७०० मिली धरलं, तर हे पाणी ९५ दिवस पुरतं. गोठा असो, कांदाचाळ असो की वसतिगृह, हिशेब एकच: चौरस मीटर गुणिले मिलिमीटर म्हणजे लिटर.

मृग लागायला थोडेच दिवस उरलेत. आधी छत झाडून घ्या. पन्हळीला मीटरमागे १ सेंटिमीटर उतार द्या, नाहीतर पाणी तुंबून कडेवरून सांडतं. हजारेक चौरस फुटांच्या छताला ४ इंची पाइप चालतो. खाली येणाऱ्या पाइपला टी लावून एक तोंड व्हॉल्व्हने बाहेर काढा आणि पहिले एकदोन मोठे पाऊस तिथूनच सोडून द्या. मी शिकलो त्या कॉलेजात गच्चीचं पाणी गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडलं होतं. पहिल्याच वळवात कबुतरांची घाण आणि निंबाचा पाला खाली गेला, पुढे महिनाभर बादलीला वास. मेसच्या आचाऱ्याने तर ते पाणी चहाला वापरायचं साफ नाकारलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

गाळणीत तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड धुतलेली वाळू आणि थरांमध्ये नायलॉन जाळी. वाळूचा वरचा थर मातीने बसला की खरवडून बदला. शेतातून वाहत आलेलं पाणी मात्र विहिरीत घेऊ नका, त्यात खतं आणि औषधं असतात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावरचं पाणी पिण्याला वापरू नका.

आता बागायतदारांसाठी खरी कामाची गोष्ट. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रमला पांढरा थर धरतो, ठिबकचे ड्रिपर चोंदतात, ग्लायफोसेटसारखं तणनाशक त्यातल्या कॅल्शियमला बांधलं जाऊन कमी चालतं. फवारणीच्या टाकीसाठी आणि रोपवाटिकेतल्या ट्रेसाठी पावसाचं पाणी वेगळं राखून ठेवा, एवढ्यासाठी ५००० लिटरची काळी टाकीही पुष्कळ झाली. पण पॉलिहाऊस पूर्ण या पाण्यावर नेणार असाल तर खतांचं जुनं वेळापत्रक तसंच चालवू नका. बोअरमधून फुकट मिळणारं कॅल्शियम या पाण्यात नसतं, ते कॅल्शियम नायट्रेटने द्यावं लागतं. शिवाय सामू (पीएच) धरून ठेवणारे क्षार नसल्यामुळे तो उतरवायला बोअरच्या पाण्यात घालता त्या रोजच्या मापाचं ॲसिड ओतलंत तर सामू एकदम खाली येतो. मिसळून वापरत असाल तर प्रमाण बदलेल तसा ईसी (पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि सामू मोजा. नव्या पानांच्या कडा जळाल्या तर बुरशीनाशक मारण्याआधी कॅल्शियम बघा.

साठवण झाकलेली हवी, उजेड लागला की शेवाळ धरतं. उघड्या शेततळ्यात गप्पी मासे सोडा, म्हणजे डास आटोक्यात राहतात.

आणि एक. आपल्याकडे मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरात येतो, तेव्हा टाकी भरलेली असेल तर तो वाया जातो. म्हणून ऑगस्टच्या उघडिपीत साठवलेलं पाणी मोकळ्या हाताने वापरा, गाळणी पुन्हा धुऊन घ्या आणि उत्तरा-हस्तासाठी टाकी रिकामी ठेवा.