ओळंब्याने g मोजताना: आपल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

पुस्तकात g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग) छापलेलं असतं, म्हणून प्रयोगवहीतही 9.8 च येतं. न जुळणारे आकडे आधीच खोडलेले असतात. ही सवय मोडायला गवंड्याचा ओळंबा, न ताणणारा सुती दोरा, मोजपट्टी, आलेख कागद आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे. वहीत पेनाने लिहा. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, म्हणजे तो वाचता येईल, आणि का कापला ते शेजारी लिहा.

दोरा खिळ्याला बांधू नका. झोका एका बाजूला गेला की दोरा खिळ्याला किंचित टेकतो, टांगणीचा बिंदू सरकतो आणि लांबी दर झोक्यात बदलत राहते. दोन सपाट लाकडी पट्ट्यांच्या मध्ये दोरा चिमटून स्क्रूने आवळा आणि पट्ट्या भक्कम आधाराला घट्ट बसवा. आधार डुलत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पंखा बंद हवा.

लांबी ओळंबा टांगलेला असतानाच मोजा: पट्ट्यांच्या खालच्या कडेपासून ओळंब्याच्या माथ्यापर्यंत. खरं तर ती ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत हवी, पण तो बाहेरून दिसत नाही. तूर्त राहू द्या.

आता ओळंबा बाजूला घेऊन अलगद सोडा, ढकलू नका. ढकलला की तो लंबवर्तुळात फिरू लागतो. 1 मीटर दोऱ्याला 8 ते 9 सेंटीमीटर बाजूला घेतलं की सुमारे 5 अंश होतात. त्या कोनात दोलनकाल (एक आंदोलन, म्हणजे एकदा जाऊन-येऊन पूर्ण व्हायला लागणारा वेळ, T) T = 2π√(L/g) या सूत्रापेक्षा (L म्हणजे लांबी) जेमतेम 0.05 टक्के जास्त येतो, 30 अंशांत मात्र 1.7 टक्के.

वेळ मोजायची ती ओळंबा मधल्या खुणेवरून जाताना, टोकाला नाही. टोकाला तो रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मध्ये तो सर्वांत वेगात असतो. बटण दाबताना तोंडाने ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नाही. एकपासून सुरुवात करून वीसला थांबलात, तर प्रत्यक्षात 19 च आंदोलनं होतात आणि g चं उत्तर 10.85 च्या आसपास येतं. असा आकडा दिसला की आधी मोजणीवर संशय घ्या.

बोटाची चूक 0.2 सेकंद धरू. 2 सेकंदांच्या एका आंदोलनात ती 10 टक्के होते, 50 आंदोलनांच्या 100 सेकंदांत 0.2 टक्के. सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून g मध्ये ती दुप्पट, 0.4 टक्के. मीटरभर लांबीत 2 मिलिमीटरची चूकही 0.2 टक्के. म्हणजे 500 आंदोलनं मोजत बसण्यापेक्षा लांबी पुन्हा मोजणं फायद्याचं. प्रत्येक लांबीला पाच वेळा मोजा. मोजणाऱ्याने मागचे आकडे पाहू नयेत, मोबाईलचा पडदा दुसऱ्याने वाचावा.

लांब्या 40, 60, 80, 100, 120 सेंटीमीटर घ्या. मोजण्याआधी अपेक्षा लिहून ठेवा: दोलनकालाचा वर्ग (T²) लांबीच्या (L) प्रमाणात वाढेल, म्हणजे बिंदू सरळ रेषेत पडतील. वाकले, तर आपलं गृहीतक किंवा मांडणी चुकली आहे. आडव्या अक्षावर L मीटरमध्ये, उभ्यावर T² घ्या. रेषेचा चढ काढा आणि 39.48 ला (म्हणजे सूत्रातल्या 4π² ला) त्याने भागा. ते तुमचं g. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला g सुमारे 9.79 असतो, म्हणून चढ 4.03 च्या जवळ यायला हवा.

ही रेषा शून्यातून जाणार नाही, आणि तिला ओढून-ताणून शून्यातून नेऊही नका. ती मागे वाढवली की आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे छेदते. तो छेद समजा 3 सेंटीमीटरवर आला, तर ओळंब्याचा गुरुत्वमध्य माथ्याखाली जवळपास तेवढाच असणार. हे तपासता येतं: ओळंबा सोडवून पट्टीच्या धारेवर आडवा तोला आणि जिथे तोल साधतो तिथपर्यंत मोजा. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा निघाला, की मांडणीवर भरवसा बसतो. तफावत सेंटीमीटरभर असेल, तर मोजपट्टीचं टोक झिजलंय का ते पाहा. अशी ठरावीक चूक छेदात जाते, चढाला धक्का लागत नाही. एकाच लांबीवर g काढला असता तर ती उत्तरात लपून राहिली असती.

पॅरिस सोडून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेलेल्या झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला 1672 मध्ये लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडताना दिसलं. उष्णतेने दांडी लांबली असेल, ही शंका रास्त होती. न्यूटनने ती हिशोबात घेतली. तेवढ्याने फरक भरून निघेना. विषुववृत्ताजवळ g च कमी आहे, हे मग मान्य करावं लागलं.

वजनाचा परिणाम होतो का, हेही न्यूटनने लंबकांनीच तपासलं: सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. घरी दोन सारख्या डब्या घ्या, एकीत गहू, दुसरीत वाळू, दोन्ही काठोकाठ. अर्धवट भरल्या तर गुरुत्वमध्य सरकेल. सारख्या लांबीच्या दोऱ्यांना टांगून एकदम सोडा. हलक्या डबीचा झोका लवकर लहान होईल, ते हवेमुळे. पाहायचं ते ताल सुटतो का. एक डबी हळूहळू पुढे जाऊ लागली, तर लगेच निष्कर्ष काढू नका. लांब्या तशाच ठेवून डब्यांची अदलाबदल करा. पुढे जाणं त्याच दोऱ्याकडे राहिलं, तर तो दोरा आखूड आहे; डबीबरोबर दुसऱ्या दोऱ्यावर गेलं, तर डबी पुन्हा उघडून भरण तपासा.