सेंटर फायर नेमबाजीसाठी रिव्हॉल्व्हर निवडताना

२५ मीटर सेंटर फायर पिस्तूल (ज्याच्या काडतुसाची टिकली बुडाच्या मधोमध असते) हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, तरी आपल्याकडे त्याला मान आहे; जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमात आणि २००६ मध्ये दोह्यात आशियाई सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. आज बहुतेक स्पर्धक .३२ बोअरचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. रिव्हॉल्व्हरही नियमात बसते, आणि स्पर्धेची रचना पाहिली तर ते मागे पडण्याचे फारसे कारण नाही. पहिल्या टप्प्यात पाच गोळ्यांच्या मालिकेला पाच मिनिटे मिळतात. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंद आणि दोन गोळ्यांच्या मध्ये सात सेकंद असतात. या सात सेकंदांत अंगठ्याने घोडा चढवून पकड पुन्हा बसवता येते. राही सरनोबतने २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकले त्या महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची पात्रता फेरीही अशीच दोन टप्प्यांची असते, फक्त तिथे .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारे) काडतूस चालते.

दुकानात जाण्याआधी मापे पाठ असावीत. गोळीचा व्यास ७.६२ ते ९.६५ मिमी, नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर २२० मिमीच्या आत, रिकाम्या शस्त्राचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत आणि चापाचा भार किमान १००० ग्रॅम. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना सिलिंडर धरत नाहीत, त्यामुळे १५२.४ मिमीची सहा इंची नळी या मर्यादेत अगदी काठावर बसते. स्मिथ अँड वेसन ६८६ किंवा कोल्ट पायथन यांची सहा इंची मॉडेले वजनातही बसतात. मात्र त्यांवर जड लाकडी मूठ चढवली तर मुठीसकट वजन करून पाहावे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर सहज मिळते म्हणून पुष्कळांच्या मनात तेच असते, पण आखूड नळी आणि न हलणारी साइट असलेले ते शस्त्र स्वसंरक्षणासाठी आहे. त्यावर लक्ष्यभेदाचा हट्ट धरू नये.

माझ्या मते निर्णय रिव्हॉल्व्हरपासून सुरू न करता काडतुसापासून सुरू करावा. या प्रकारासाठी वॅडकटर काडतूस उत्तम. त्याची शिशाची गोळी पुढून सपाट असते, त्यामुळे कागदी लक्ष्याला काठ न फाटता स्वच्छ गोल छिद्र पडते आणि दहाच्या रेषेला गोळी शिवली की नाही याबद्दल वाद राहत नाही. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची वॅडकटर गोळी साधारण १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅम), तर .३८ स्पेशलची १४८ ग्रेनची असते, साहजिकच .३२ चा धक्का कमी बसतो आणि साठ गोळ्यांच्या अखेरीस मनगट ताजे राहते. .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतले तरी या स्पर्धेत मॅग्नम काडतूस चालत नाही, .३८ स्पेशलच वापरावे लागते. सिलिंडरमधल्या मॅग्नमसाठीच्या लांब कप्प्यात हे आखूड काडतूस सतत वापरल्यास काडतुसाच्या तोंडापुढे कप्प्यात काजळीचे कडे साचते, ते प्रत्येक सरावानंतर ब्रशने काढावे लागते. परवान्याशिवाय घरी काडतुसे भरण्याची मुभा आपल्याकडे नाही. तेव्हा ज्या बोअरची वॅडकटर काडतुसे आपल्या रायफल क्लबमार्फत वर्षभर मिळतील, तेच बोअर घ्यावे. बोअर निषिद्ध गटात (म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर न मिळणाऱ्यांत) येते का, याची खात्री परवाना शाखेत करावी, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे चुकीच्या निवडीने त्यातली एक जागा अडते. खेळाडूंसाठीच्या सवलती निराळ्या आहेत. त्या क्लबकडून समजून घ्याव्यात.

चापाची परीक्षा घोडा आधी अंगठ्याने चढवून, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शनमध्ये करावी, कारण इथे चापानेच घोडा चढवण्याचा, म्हणजे डबल अ‍ॅक्शनचा उपयोग जवळजवळ नाही. घोडा चढवल्यावर चाप सरकत वा खरखरत न जाता काच तुटावी तसा एकदम सुटला पाहिजे. भार १००० ग्रॅमच्या थोडा वरच असावा. नेमका काठावर बसवलेला चाप तपासणीच्या टेबलावर दगा देतो. मागची साइट दोन्ही दिशांना स्क्रूने हलणारी हवी. मुठीबाबत एकच सांगतो: पकड न बदलता अंगठा घोड्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

जुने रिव्हॉल्व्हर घेत असाल तर इथे वेळ काढा. ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करून सिलिंडर बंद करावे, त्यावर बोटाचा हलका अटकाव ठेवावा आणि घोडा अगदी सावकाश मागे घ्यावा. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडरचा खटका खाचेत टक् करून पडला पाहिजे. तो पडला नाही, तर त्या कप्प्यातली गोळी नळीच्या मागच्या तोंडाला कडेने घासून जाईल आणि शिशाचे कण बाजूला उडतील. सहाही कप्प्यांवर हे करावे. मग चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून पुढे रेटून पाहावे. तो सुटला तर ते शस्त्र तिथेच ठेवून उठावे. सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी, ०.१० ते ०.२० मिमी ठीक, त्याहून बरीच जास्त असेल किंवा सिलिंडर पुढेमागे डुलत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा.

शेवटची कसोटी रेंजवर. मुभा मिळाल्यास हात टेकवून २५ मीटरवरून प्रत्येक कप्प्याच्या पाच-पाच गोळ्या वेगळ्या कागदावर झाडाव्यात आणि कप्प्यांवर पेनने क्रमांक घालावेत. बहुधा एखादा कप्पा इतरांपेक्षा पसरट गट देतो. तेवढ्यावरून रिव्हॉल्व्हर नाकारू नये: मालिका पाच गोळ्यांची आणि कप्पे सहा, म्हणून तो कप्पा स्पर्धेत रिकामा ठेवता येतो. दोन कप्पे बिघडलेले निघाले, तर मात्र दुसरे शस्त्र पाहावे.