पाण्याचा रॉड कोणत्या सॉकेटला लावायचा?

बादलीत पाणी तापवायचा रॉड बहुतेक घरांत 1500 वॉटचा असतो आणि सर्रास पंख्या-टीव्हीच्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटला लावला जातो. एकदा हिशेब करून बघा. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. म्हणून 1500 भागिले 230, म्हणजे साधारण 6.5 अँपिअर. सॉकेटच्या क्षमतेपेक्षा जास्त, तेही अर्धा-पाऊण तास सलग. पिना गरम होतात, प्लग पिवळा पडतो तो यामुळेच. असा रॉड 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा.

आता रोध, म्हणजे रॉडमधली तार करंटला किती अडवते ते. व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणजे 230 भागिले 6.5, सुमारे 35 ओहम. प्लग काढून, रॉड कोरडा आणि थंड असताना मल्टीमीटरने प्लगच्या दोन सारख्या पिनांमध्ये मोजलंत तर साधारण एवढाच आकडा दिसायला हवा. काहीच दिसत नसेल तर आतली तार किंवा वायर तुटली आहे.

हा रोध फारसा बदलत नाही, म्हणून गावाकडे व्होल्टेज 180 वर आलं की करंटही घटून 5 अँपिअरच्या आसपास येतो. 180 गुणिले 5.1, जेमतेम 920 वॉट! पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. रॉड बिघडलेला नसतो.

पंखा, पंप यांना मात्र हा सरळ गुणाकार लावू नका. मोटरमध्ये पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एका तालात चढत-उतरत नाहीत, त्यामुळे खरे वॉट गुणाकारापेक्षा कमी भरतात.