स्वतः स्पार्क प्लग बदलताना या चुका टाळा

पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलता येतात, आणि ज्याला पाना नीट धरता येतो त्याने ते जरूर बदलावेत, असे माझे मत आहे. मात्र या कामात खरा धोका प्लगला नसून सिलिंडर हेडला, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाला असतो. आजच्या बहुतेक गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लगचे आटे पोलादाचे असतात, त्यामुळे तिरका घुसलेला किंवा जोर लावून आवळलेला प्लग हेडमधले आटे कापून टाकतो. मग नवीन आटे पाडून त्यात हेलिकॉइल (आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावी लागते, प्रसंगी हेड उतरवावे लागते, आणि त्या खर्चापुढे चारही प्लगांची किंमत नगण्य ठरते. म्हणून हत्यार निवडताना एकच कसोटी लावावी: आटा कसा फिरतो आहे, हे त्या हत्यारातून हाताला कळते का?

पहिली चूक मापाची होते. जुन्या गाड्यांच्या प्लगला २१ चा पाना लागतो, त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांना १६ चा, तर अलीकडच्या अनेक इंजिनांना पातळ भिंतीचा १४ चा सॉकेट लागतो. त्या १४ च्या प्लगांपैकी काहींना सहाऐवजी बारा कोन असतात आणि त्यांच्यावर साधा षट्कोनी सॉकेट बसतच नाही. प्लगसाठी साधा खोल सॉकेट वापरू नये. आत रबर किंवा चुंबक असलेला खास प्लग सॉकेटच घ्यावा, कारण प्लग त्यात धरून राहतो आणि विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या हेडमधल्या खोल भोकात, आपटत नाही. रबर सैल झालेले असेल, तर पाना वर येतो आणि रबर प्लगवरच अडकून राहते, एवढे तपासून घ्यावे. एक्स्टेंशन सरळ आणि पुरेसे लांब असावे. जागा अडचणीची असल्याखेरीज मधे वळणारा सांधा (युनिव्हर्सल जॉइंट) जोडू नये, कारण पाना कलला की पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला केसाएवढी चीर जाते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिन मात्र मिसिंग करू लागते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकते. हातातून फरशीवर पडलेला प्लगही याच कारणासाठी बसवू नये.

इंजिन गरम असताना प्लग खोलू नये. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काम करणे सर्वांत चांगले. प्लगवर बसवलेली, ठिणगीचे व्होल्टेज देणारी कॉईल काढल्यावर लगेच पाना घालण्याचा मोह आवरावा. विहिरीच्या तळाशी माती, वाळू, कधी पाणी साचलेले असते, विशेषतः पावसाळ्यात किंवा जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतलेले असेल तर, आणि प्लग निघताच ते सगळे थेट सिलिंडरमध्ये उतरते. म्हणून आधी हवेने विहीर साफ करावी. तिथे तेल साचलेले दिसले, तर ते पुसून घ्यावे आणि टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) गॅस्केट किंवा विहिरीचे सील बदलण्याची नोंद करावी. नुसते प्लग बदलून तो दोष जाणार नाही. प्लग घट्ट बसला असेल तर एका दमात ओढू नये, थोडा सैल, थोडा पुन्हा आत, असे करत काढावा.

नवा प्लग बसवताना सुरुवातीचे आटे रॅचेटने कधीही लावू नयेत. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घालावा आणि बोटांनी प्लग आधी उलट दिशेने फिरवावा. आट्याचे तोंड जुळते तेव्हा प्लग किंचित खाली बसल्याचे बोटांना स्पष्ट जाणवते. तिथून सरळ फिरवावे. आटा तिरका लागला तर नळीच प्लगवर घसरते, म्हणजे हेडवर जोर येतच नाही. तळाला वायसर टेकेपर्यंत प्लग हातानेच जायला हवा. मधेच अडला तर काढून पुन्हा सुरुवात करावी.

शेवटचे आवळणे टॉर्क पान्याने करावे. ॲल्युमिनियम हेडमध्ये वायसर असलेल्या १४ मिमी आट्याच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीला १५ ते २० न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. चाकाच्या नटांसाठी घेतलेला मोठा टॉर्क पाना इथे वापरू नये, कारण एवढ्या कमी जोरावर त्याचा भरवसा नसतो. टॉर्क पाना नसेल तर १४ मिमीच्या नव्या प्लगचा वायसर टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला मात्र फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावण्याची सवय सोडावी: घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच आकड्यावर प्लग कितीतरी जास्त आवळला जातो, आणि चांगल्या कंपन्यांच्या प्लगांच्या आट्यांवर मुळातच मुलामा असतो.

प्लगच्या क्रमांकातही फसगत होते. एनजीके आणि डेन्सोच्या क्रमांकात मोठा आकडा म्हणजे थंड प्लग (उष्णता लवकर हेडकडे सोडणारा), तर बॉशच्या क्रमांकात मोठा आकडा म्हणजे गरम प्लग (उष्णता धरून ठेवणारा). त्यामुळे कंपनी बदलताना आकडा जुळवून नव्हे, तर गाडीच्या मॉडेलवरून तक्ता पाहूनच प्लग घ्यावा. इरिडियम प्लगचे टोक अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाड असते. त्याची गॅप (ठिणगी उडते ती फट) नाण्यासारख्या गोल गेजने ताणू नये, तारेच्या गेजने नुसती तपासावी.

सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी सीएनजीवर मिसिंग करू लागली, तर आधी प्लगची गॅप वाढली आहे का ते पाहावे.

जुन्या प्लगच्या चिनी मातीवर धातूच्या कडेलगत तपकिरी वलय दिसते. गॅस गळतो आहे असे समजून अनेक जण घाबरतात, पण उच्च व्होल्टेजमुळे हवेतील तेलकट कण चिकटून तो डाग पडतो आणि तो निरुपद्रवी असतो. त्याच जागेवरून वर जाणारी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर मात्र ठिणगी बाहेरून उडत आहे असे समजावे. अशा वेळी कॉईलचे रबरी बूटही तपासावे, कारण त्यातही तशीच रेघ उमटलेली असते आणि ते बूट नव्या प्लगला पुन्हा बिघडवते.

प्लग बदलल्यावर गाडी थरथरू लागली, तर कॉईलचे कनेक्टर ‘टक’ करून बसले आहेत का ते आधी पाहावे. जुन्या गाडीत प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली नाही ना, तेही पाहावे. एका वेळी एकच वायर काढली तर ही वेळ येत नाही. तरीही मिसिंग राहिले तर स्कॅनर (गाडीतल्या संगणकाने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारे यंत्र) लावावा. कोड पी०३०२ आला म्हणजे दोष दुसऱ्या सिलिंडरचा. त्याची कॉईल तिसऱ्यावर लावावी, कोड पुसून गाडी चालवावी. कोड पी०३०३ झाला तर कॉईल खराब आहे. पी०३०२ वरच राहिला तर तसाच प्लग हलवून पाहावा, आणि तरीही दोष दुसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) व कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासण्यासाठी गाडी मेकॅनिककडे न्यावी.